एकही अपघात नसलेली गाडी

पन्नाशीनंतर माणसाने गुडघे सांभाळावेत, दात सांभाळावेत आणि साडूच्या घरी जेवायला गेल्यावर जीभ सांभाळावी. पहिल्या दोन गोष्टी क्लेमसाहेबांना उत्तम जमत होत्या. तिसरीत ते घसरले आणि चांगलेच तोंडघशी पडले.

क्लेमसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्यांचे क्लेम तपासण्यात त्यांची उमर गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चेपलेल्या बॉनेटचा नुसता फोटो बघून ते सांगत, "हा गृहस्थ फोनवर बोलत होता." आणि खाली शेरा मारत, 'चालकाने वेळीच ब्रेक लावला नाही.' हा शेरा त्यांनी इतक्यांदा लिहिला होता की त्यांचा स्वतःचा पाय घरी खुर्चीत बसल्या बसल्याही ब्रेकवर असल्यासारखा वाकडा राही. घरची गाडी ते अशी चालवत की मागून सायकलवाले घंटी वाजवत.

साडूचं सगळं उलटं. त्याच्याकडे ठेंगणी, लालभडक, खोकल्यासारखा आवाज करणारी गाडी होती. गावाबाहेर रेसचा एक ट्रॅक होता आणि सुटीच्या दिवशी तिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या हव्या तशा पळवू देत. ह्याला ट्रॅक-डे म्हणतात, हे ज्ञान साडूनेच घरादाराला दिलं आणि एकदा सगळ्यांना तमाशा बघायला नेलं. क्लेमसाहेब गेले ते फुकटचे अपघात बघायला मिळतील ह्या व्यावसायिक उत्सुकतेने. पण पहिली गाडी समोरून सुसाट गेली आणि ते पुढे होऊन कठड्याला टेकले. आपण आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण जोर लावून केलेली नाही, हे त्यांना त्या कठड्यापाशी उभं असताना एकदम कळलं. शाळेत ते मधल्या बाकावर होते, नोकरीत मधल्या टेबलावर होते, आणि लग्नसुद्धा दोन्हीकडच्यांनी नीट चौकशी करून लावलेलं.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मीही एकदा एक फेरी मारीन म्हणतो. पूर्ण जोरात."

साडूला असा ठसका लागला की पाणी नाकातून बाहेर आलं. मेव्हणी हसली, मुलं हसली. साडूचं हसणं एक वेळ सोसवतं. पण पदर तोंडाला लावून बायकोही हसली, आणि ते मात्र क्लेमसाहेबांच्या जिव्हारी लागलं. एक फेरी. स्वतःच्या हाताने, कुणीही न अडवता, एकच. ती मारल्याशिवाय साडूच्या घरी पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

घरची गाडी ट्रॅकवर न्यायला बायकोने साफ नकार दिला. म्हणजे दुसरी घेणं आलं. आणि खिसा बघता दुसरी म्हणजे सेकंडहँड.

गाडी घ्यायची म्हटल्याबरोबर इमारतीतले उंटावरचे शहाणे एकेक करून खाली उतरले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मागच्या चाकांवर चालणारी घ्या, वळणावर तिचं चारित्र्य कळतं." तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले, "रंग गडद घ्या. डाग दिसत नाहीत." कसले डाग, ते त्यांनी सांगितलं नाही. इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच अडवून विचारलं, "दुसरी गाडी उभी करायला परवानगीचा अर्ज लागतो. पण तुमची तर पळवायची आहे म्हणे. पळणाऱ्या गाडीसाठी आपल्याकडे अर्ज नाही." कामाचं फक्त गॅरेजवाला बोलला. "हलकी बघा, हाताने गिअर टाकायची बघा. हेल्मेट घालून डोकं छताला लागता कामा नये. टायर आणि ब्रेक नवे घालू. आणि मुख्य म्हणजे, ठोकली तरी रडू येणार नाही अशी घ्या."

मग सुरू झाली वधूपरीक्षा. एका दातांच्या डॉक्टरांची गाडी फार निरोगी होती. फक्त तिचं दार उघडलं की हातात येई. दुसरा विक्रेता इंजिन बंदच करू देईना. बंद केलं की ते पुन्हा सुरू होत नाही, हे तो नजर चुकवत सांगत होता. तिसरी गाडी चकचकीत होती. क्लेमसाहेब तिच्याभोवती एक चक्कर मारून थबकले. हिचे फोटो त्यांनीच तपासले होते. तेव्हा ती विजेच्या खांबाला मिठी मारून उभी होती आणि आत कुणी जिवंत नव्हतं. गाडीनेही त्यांना ओळखलं असावं, कारण ते वळले तेव्हा तिचा एक दिवा, किल्ली नसताना, लागून विझला. क्लेमसाहेब घरी येऊन गरम पाणी प्यायले.

शेवटी गॅरेजवाल्याने एक पत्ता दिला. एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूल होतं. भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता होता, शिकाऊ लोकांसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या होत्या आणि फळ्यावर खडूने काढलेला एक चौक अजून पुसलेला नव्हता. शिकवणारे मास्तर उन्हाळ्यात वारले होते. गाडी त्यांच्या बायकोने विकायला काढली होती. छोटी, पांढरी, हलकी. शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता, तो मास्तरांचा.

"अपघात?" क्लेमसाहेबांनी सवयीने विचारलं.

"एकही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ओरखडासुद्धा नाही. ते शेजारी बसलेले असायचे ना."

क्लेमसाहेबांनी ऑफिसात जाऊन खातरजमा केली. खरंच होतं. इतकी वर्षं, ज्यांना गाडी म्हणजे काय ते ठाऊक नाही अशी शेकडो माणसं ह्या स्टिअरिंगवर बसली, आणि एक क्लेम नाही! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं निष्कलंक वाहन त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं. आणि इथेच गडी फसला. शर्यतीचा घोडा घ्यायला गेलेला माणूस घोडा कधीच पळाला नाही म्हणून खूश होऊन तो घेऊन आला.

किल्ली देताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "शेजारच्या सीटवर पिशव्या नका ठेवू हं."

"का बरं?"

"उगाच," त्या म्हणाल्या, आणि आत जाता जाता गाडीकडे बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

घरी येताना पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर क्लेमसाहेबांनी जरा पाय दाबला. गाडीने वेग घेतला, आणि शेजारचा ब्रेक आपोआप खाली गेला. सावकाश, पूर्ण, जसा बूट घातलेल्या पायाखाली जातो तसा. गाडी सभ्यपणे थांबली. पेडल वर आलं. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला होता. शेजारी बसलेल्याने पट्टा बांधला नाही की लागतो, तो. शेजारी कुणी नव्हतं. सीटची गादी मात्र मधोमध दबलेली होती.

क्लेमसाहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ते विमा कंपनीतले होते. कारण सापडेपर्यंत घाबरायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी हात लांब करून तो पट्टा रिकाम्या सीटवरून ओढला आणि खाचेत बसवला. दिवा विझला. पट्टा मात्र सैल पडला नाही. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा तो फुगून राहिला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने शेजारची दोन्ही पेडलं कापून काढली आणि तारा तोडल्या. "आता बघू कोण दाबतो ते," असं म्हणून तो स्वतः चक्कर मारायला गेला. परतला तो चालत. गाडी कोपऱ्यावर उभी होती. "साहेब, पेडल नाहीये," तो म्हणाला, "पण तिथली चटई दबते. आणि मी आरशात बघत नव्हतो म्हणून कुणीतरी डॅशबोर्डवर टकटक करत होतं. नवे टायर बसवलेत. आता मला बाकीची कामं आहेत."

प्राध्यापकांनी ह्याला चुंबकीय क्षेत्र म्हटलं. औषधवाले म्हणाले, सीटवर वजन ठेवा, म्हणजे दुसऱ्याला बसायला जागाच राहणार नाही. क्लेमसाहेबांनी मास्तरीणबाईंचं ऐकलं नाही आणि वाळूचं पोतं शेजारी ठेवून दार लावलं. फेरी मारून परतेपर्यंत ते पुढेच बघत होते. उतरताना पाहतात तो पोतं मागच्या सीटवर, नीट पट्टा बांधून बसलेलं. त्यांची बोबडी वळली. त्या दिवसापासून त्यांनी शेजारच्या सीटला मनातल्या मनात 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. बायको आधीच मागे बसू लागली होती. "पुढे ते आहेत ना," ती म्हणायची, जणू घरी पाहुणा आलाय.

खरी विटंबना झाली ती वाहन खात्याच्या कार्यालयात. शिकवण्याची गाडी खाजगी म्हणून नोंदवायची, तर दुसरा ब्रेक काढल्याचा दाखला लागतो. तपासनीस खाली आले, पेडल नसल्याची खात्री केली आणि नियमाप्रमाणे एकटेच गाडी चालवून बघायला गेले. आले ते घाम पुसत. टेबलाशी बसून त्यांनी शेरा लिहिला, 'दुसरा ब्रेक काढलेला आहे. दुसरा ब्रेक उत्तम चालतो.'

"म्हणजे दाखला?" क्लेमसाहेबांनी विचारलं.

"चालू स्थितीतला ब्रेक काढला, असा दाखला मी कसा देणार? गाडी शिकवणीचीच राहील. पुढे-मागे शिकाऊची पाटी लावा, आणि चालवताना प्रशिक्षक शेजारी पाहिजे."

"प्रशिक्षक कुठून आणू मी?"

तपासनिसांनी खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणायची गरज आहे, असं मला वाटत नाही."

अशा रीतीने, ज्यांच्या सहीने भल्याभल्यांचे क्लेम नामंजूर होत, ते क्लेमसाहेब शिकाऊची लाल पाटी लावून ट्रॅक-डेला हजर झाले. पाटी बघून साडू आपल्या लाल गाडीच्या बॉनेटवर आडवा पडून हसला. फाटकावरच्या माणसाने कागद तपासले, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दुसरं हेल्मेट कुठाय? दोघं आहात ना?" क्लेमसाहेबांनी मागे वळून पाहिलं. बायको तर केव्हाच उतरून प्रेक्षकांत जाऊन बसली होती.  त्यांनी दुसरं हेल्मेट भाड्याने घेतलं आणि शेजारी धरलं. ते हवेतच, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, राहिलं. फाटकावरचा माणूस समाधानाने पुढच्या गाडीकडे गेला.

सकाळच्या पाळीत क्लेमसाहेबांनी जी फेरी मारली, तिचं वर्णन न केलेलं बरं. प्रत्येक वळणाआधी ब्रेक लागे. इंडिकेटर दिला नाही की टकटक होई. मागून येणारे त्यांना वळसा घालून जात. साडू तर इतक्यांदा पुढे गेला की शेवटी त्याने हात करायचाही सोडून दिला. दुपारच्या पाळीत क्लेमसाहेबांनी दात-ओठ खाऊन पाय दाबला, तर गाडी ट्रॅकच्या कडेला शिस्तीत उभी राहिली आणि हँडब्रेक आपला आपण वर आला. टकटक, टकटक. आरसा.

ते बायकोपाशी येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. आता शेवटची पाळी उरली होती, आणि ती फक्त एका फेरीची होती.

"मेलेला माणूससुद्धा मला अडवतो," ते म्हणाले. "जिवंत होते तेवढे कमी होते की काय!"

बायकोने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.  मग म्हणाली, "अहो, मी काल त्या बाईंकडे जाऊन आले. म्हटलं, ह्यांना जरा सोडा म्हणून सांगा तुमच्या माणसाला."

"मग?"

"त्या म्हणाल्या, ते मुद्दाम करत नाहीत. सवय आहे पायाला. आणि म्हणाल्या, तरुणपणी त्यांना रेसमध्ये उतरायचं होतं. घरच्या जबाबदाऱ्या आल्या, मग स्कूल काढलं. जन्मभर शेजारच्या सीटवर बसले, दुसऱ्यांच्या चुका पायाखाली दाबत. मोकळ्या रस्त्यावर एकदा स्वतः पळवायची म्हणायचे. राहून गेलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि मी त्या दिवशी हसायला नको होतं हो. मला भीती वाटली, म्हणून हसले."

क्लेमसाहेब बराच वेळ गाडीकडे बघत बसले. मास्तरांचा राग यायला हवा होता. पण राग येईना, आणि त्याचीच त्यांना चीड आली. त्या रिकाम्या सीटवर कोण बसलंय ते त्यांना पुरतं कळलं होतं. असा माणूस ते रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होते.

शेवटच्या पाळीसाठी गाड्या रांगेत लागल्या. क्लेमसाहेब स्टिअरिंगवर बसले, पट्टा बांधला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तसेच राहिले. एकच फेरी होती. ह्याच एका फेरीसाठी त्यांनी साडूचं हसू, गॅरेजवाल्याची दया आणि लाल पाटी सोसली होती. त्यांनी पट्टा सोडला. खाली उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे आले आणि दार उघडलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पलीकडे सरका. तुम्हीच चालवा."

काही क्षण काहीच झालं नाही. मग हेल्मेट उठलं. हलत-डुलत पलीकडे गेलं आणि स्टिअरिंगच्या मागे स्थिर झालं. गादी दबली. पट्टा ओढला जाऊन खाचेत बसल्याचा आवाज आला. क्लेमसाहेब थंडगार डाव्या सीटवर बसले. समोर झेंडा पडला.

पुढे जे झालं त्याला गाडी चालवणं म्हणत नाहीत. गिअर असे पडत होते की कळत नव्हतं. पहिल्या वळणावर गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला नखाएवढं अंतर ठेवून वळली आणि क्लेमसाहेबांनी जिवाच्या आकांताने चटईवर पाय दाबला. चटईखाली काहीच नव्हतं. दुसऱ्या वळणावर त्यांनी डॅशबोर्डवर टकटक केलं. कुणी ऐकलं नाही. लांब सरळ रस्त्यावर साडूची लाल गाडी पुढे दिसली, जवळ आली, आणि पांढऱ्या गाडीने रीतसर इंडिकेटर देऊन तिला मागे टाकलं. क्लेमसाहेब ओरडत होते. केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की ते भीतीने ओरडत नाहीयेत, हसतायत, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहतंय. शेजारी, हेल्मेटच्या काचेआड, काहीही नव्हतं. तिथून एका म्हाताऱ्या माणसाचा, दम लागलेला, आनंदी श्वास ऐकू येत होता.

गाडी थांबली तेव्हा साडू धावत आला. "साडूभाऊ! काय चालवलीत!" म्हणत त्याने उजवीकडचं दार ओढलं. सीटवरून हेल्मेट घरंगळून त्याच्या पायाशी पडलं. तो आत बघत राहिला. डाव्या सीटवर क्लेमसाहेब गाल पुसत बसले होते.

"कोण... कोण चालवत होतं?"

थाप मारायची असती तर फार सोपं होतं. साडूने कोणतीही थाप पचवली असती.

"माझे मास्तर," क्लेमसाहेब म्हणाले.

साडूचा चेहरा पांढराफटक पडला. हसायचं त्याला सुचलंच नाही. तो मागे मागे सरकत आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काचा वर केल्या. क्लेमसाहेबांनी डॅशबोर्डकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. उजवीकडची गादी हळूहळू फुगून सपाट झाली.

घरी जायला निघाले तेव्हा बायको सवयीने मागचं दार उघडायला गेली. मग थांबली. काचेतून पुढे डोकावली आणि शेजारी येऊन बसली. गावाबाहेरचा रस्ता रिकामा होता, ऊन उतरत होतं. क्लेमसाहेबांनी पाय दाबला. गाडीने वेग घेतला. कुणी अडवलं नाही. त्यांनी आणखी दाबला. आता तर अडवणारं कुणीच नव्हतं. सगळा रस्ता त्यांचा होता, आणि जोर लावायला पूर्ण मोकळीक होती. पुढे एक वळण होतं. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

 बायकोने दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली, आणि तिच्या चपलेतला पाय आपसूक पुढे सरकून चटईवर दाबला गेला. पुन्हा दाबला गेला. गाडी तशीच चालली होती.

क्लेमसाहेबांनी तो पाय पाहिला, आणि ब्रेक लावला.